साथीचा पैसा आणि रोजचा पैसा

मुंबईत धोबीतलावला, मेट्रो सिनेमाजवळ, एका डॉक्टरांचा पुतळा आहे. रस्ता ओलांडण्याच्या घाईत त्याच्याकडे बघायला कोणाला सवड नसते. पुतळा आहे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचा. मूळचे ते गोव्यातल्या बारदेशचे, हडफड्याचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या गोदामांलगतच्या वस्तीत ताप आणि अंगावर गाठी असलेले रोगी त्यांनी पाहिले आणि हा प्लेग आहे, असं निदान केलं. ही बातमी त्यांनी जिथं फोडली ती जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती होती मुंबई महानगरपालिकेची स्थायी समिती. व्हिएगस जसे डॉक्टर होते तसे नगरसेवकही होते, आणि पालिकेच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या समितीवर बसत होते.

रोगाची बातमी तिजोरीपाशी पोचली, हा मला योगायोग वाटत नाही. शहरातला माणूस किती जगतो, हे औषधांवर ठरतं तसंच पालिकेच्या अंदाजपत्रकात त्याच्या गल्लीसाठी काय तरतूद आहे त्यावरही ठरतं. आज मला मुंबईच्या या तिजोरीचीच थोडी गोष्ट सांगायची आहे. ती दीडशे वर्षांहून जास्त लांबीची आहे. पण तिच्यात दोन प्रकारचे पैसे पुन्हा पुन्हा भेटतात. एक साथीचा पैसा, जो भीतीपोटी एकदम सुटतो. दुसरा रोजचा पैसा, जो दरवर्षी, कोणाच्या नजरेत न भरता, नळ, गटार, सुईण, दवाखाना यांवर खर्च होतो.

गोष्टीची सुरुवात पाण्यापासून करू. १८५४ साली मुंबईत पाण्याची भयंकर टंचाई पडली. विहिरी आणि तलाव आटले, गुरं शहराबाहेर हलवावी लागली. त्यातून विहारची योजना पुढे आली. १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६० मध्ये विहारचं पाणी नळानं शहरात आलं. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. त्या काळाच्या मानानं ही फार मोठी कामं होती. पण पाणी आलं त्या वेगानं गटारं आली नाहीत. भुयारी गटारांचं काम दक्षिणेकडे, फोर्टाच्या आणि व्यापारी पेठांच्या बाजूला आधी झालं. गिरण्या जिथं उभ्या राहत होत्या त्या परळ-लालबागच्या बाजूला ते कितीतरी मागं राहिलं. नळाचं पाणी वस्तीत यायचं आणि तिथंच जमिनीत मुरायचं. पाया ओला, मोरी तुंबलेली, खोलीत ओल. पाणी आणणं हे अर्धंच काम असतं. वापरलेलं पाणी बाहेर नेणं हे उरलेलं अर्धं. मुंबईनं पहिलं अर्धं काम सगळ्या शहराच्या नावानं केलं आणि दुसरं काही भागांपुरतं.

असं का झालं, याचं उत्तर अभियंत्यांकडे नाही, मतदारयादीत आहे. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. माणूस धडाडीचा होता. साफसफाई, रस्ते, मंडई, सगळीकडे त्यांनी हात घातला आणि पैसाही सढळपणे खर्च केला. त्यावरून करदात्यांनी १८७१ मध्ये मोठी ओरड केली. त्या चळवळीतून १८७२ चा कायदा आला. ६४ सभासदांच्या पालिकेत निम्मे सभासद करदात्यांनी निवडून द्यायचे, असं ठरलं. हिंदुस्थानातल्या नागरी स्वराज्याची ही मोठी पायरी होती आणि तिचं श्रेय फिरोजशहा मेहतांसारख्यांना दिलंच पाहिजे. १८८८ च्या कायद्यानं तिला पक्कं रूप आलं. तो कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही मुंबईच्या कारभाराचा पाया आहे.

पण मत होतं ते ठरावीक रकमेहून जास्त कर भरणाऱ्याला. म्हणजे घरमालकाला, व्यापाऱ्याला, वकिलाला. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणारा गिरणी कामगारही कर भरतच होता. घरमालक घरपट्टी आणि पाणीपट्टी भाड्यातून वसूल करायचा. पण पावती मालकाच्या नावानं फाटायची, म्हणून मतही मालकाचंच. आता बघा, चाळीत हवा खेळली पाहिजे, मोऱ्या नीट बांधल्या पाहिजेत, माणशी इतकी जागा पाहिजे, असे नियम करायचे कोणी? त्याच सभागृहानं, ज्याच्या मतदारांत चाळमालकांचा भरणा होता. कर वाढवला तर मतदार नाराज, नियम कडक केले तरी मतदार नाराज. ज्याचं मूल त्या ओलीत आजारी पडायचं, तो मतदारच नव्हता.

अशा शहरात १८९६ चा प्लेग आला. सुरुवातीला पालिकेनं रोग्यांना सक्तीनं घरातून उचलून आर्थर रोडच्या साथीच्या रोगांच्या इस्पितळात नेण्याचा हुकूम काढला. तिथं गेलेला माणूस परत येत नाही, अशी बोलवा पसरली. ऑक्टोबरअखेर हजारभर गिरणी कामगारांच्या जमावानं त्या इस्पितळावर हल्ला केला. आणि मग एक वेगळीच भीती पालिकेला वाटू लागली. शहरातला मैला उचलणारे हलालखोर आणि झाडूवाले निघून गेले तर? कमिशनर स्नो यांच्या अहवालात ही भीती स्पष्ट दिसते. ही माणसं गेली तर शहर राहण्यालायक उरणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. सक्तीचा हुकूम लगेच सैल करण्यात आला. ज्यांना मत नव्हतं, ज्यांची सावलीही नको होती, त्यांच्या निघून जाण्याच्या नुसत्या शक्यतेनं पालिकेचा निर्णय बदलला. त्यांच्या कामासाठी १८८८ च्या कायद्यात ‘हलालखोर कर’ या नावाचा स्वतंत्र करच होता. कर त्यांच्या नावाचा; पण सभागृहात त्यांचा आवाज नव्हता.

सफाई कामगार बव्हंशी थांबले. बाकीचं शहर मात्र पळालं. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत सव्वाआठ लाखांच्या शहरातले जवळजवळ निम्मे लोक गावाकडे गेले होते. त्यांच्याबरोबर रोगही गेला. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. तिथल्याच घरझडतीच्या जाचातून जूनमध्ये रँडचा खून झाला. इकडे मुंबईत डॉ. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. हे सगळं आपण शाळेत शिकलो आहोत. आपण शिकलो नाही ते पैशाचं.

गिऱ्हाइकं पळाली, बंदर ओस पडलं, परदेशी बंदरांनी मुंबईच्या जहाजांवर निर्बंध घातले, आणि तिजोरी उघडली. १८९८ मध्ये कायदा करून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. सरकारी आणि पालिकेच्या जमिनी त्याच्याकडे दिल्या, कर्जरोखे काढण्याची परवानगी दिली, पालिकेच्या उत्पन्नातून दरवर्षी हिस्सा ठरवून दिला. दाट वस्ती मोडायची, रुंद रस्ते काढायचे, समुद्राचा वारा शहरात खेळवायचा आणि गरिबांसाठी आरोग्यदायक घरं बांधायची, ही त्याची कामं होती. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, आज ज्याला आपण मोहम्मद अली रोड म्हणतो तो सिडनहॅम रोड, हे रस्ते त्यातूनच निघाले. पुढे दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती झाल्या. आज त्या झाडांखालून चालताना मलाही बरं वाटतं. ट्रस्टनं नागपाडा-आग्रीपाड्याकडे कामगारांसाठी चाळीही बांधल्या, आणि त्या खाजगी चाळींपेक्षा बऱ्या होत्या, हेही सांगायला हवं.

पण जमाखर्च मांडला तर काय दिसतं? पहिल्या वीस वर्षांत ट्रस्टनं जितकी बिऱ्हाडं पाडली तितकी बांधली नाहीत. पाडलेल्या घरातलं कुटुंब नव्या चाळीची वाट बघत बसत नाही. ते शेजारच्या गल्लीत, दुसऱ्या कुटुंबाच्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून शिरतं. म्हणजे एका गल्लीतली दाटी मोडली आणि ती दुसऱ्या गल्लीत गेली. शिवाय १९०५ नंतर परळच्याच प्रयोगशाळेतल्या संशोधनानं सिद्ध झालं की, प्लेग कोंदट हवेतून पसरत नाही. तो उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमार्फत पसरतो. रुंद रस्त्यानं उंदीर थोडेच जातात! धान्याची गोदामं, सांदीकोपरे, कचरा आणि तुंबलेल्या मोऱ्या नीट करणं हे चिकाटीचं, रोजचं काम होतं. त्याला उद्घाटनाची फीत कापता येत नाही.

साथीच्या पैशानं शहराचा चेहरा बदलला. पण कोण जगतं आणि कोण मरतं, यातली दरी तशीच राहिली. याचा पुरावा १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मिळाला. त्या वर्षीचे मुंबईचे आकडे जातवार आणि समाजवार नोंदलेले आहेत. युरोपियनांमध्ये या साथीचा मृत्युदर हजारी ८.३ होता, पारशांमध्ये ९. मुसलमानांमध्ये १९.२ आणि सवर्ण हिंदूंमध्ये १८.९. आणि त्या वेळी ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणून नोंदलं होतं, त्यांच्यात ६१.६. विषाणू सगळ्यांसाठी एकच होता. घर, खाणं, विश्रांती आणि डॉक्टर मात्र एक नव्हते.

तीन वर्षांनी आणखी एक तक्ता आला. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असावी असं वाटलं होतं. १९२१ सालच्या मुंबईतल्या बालमृत्यूंचा तो तक्ता खोल्यांच्या संख्येप्रमाणे लावलेला आहे. चार किंवा जास्त खोल्यांच्या घरात हजार जन्मांमागे १३३ मुलं वर्षाच्या आत दगावली. तीन खोल्यांत १९१. दोन खोल्यांत ३२२. आणि एका खोलीत किंवा तिच्याही वाट्यात राहणाऱ्यांमध्ये ८२८. शहरातली दोन-तृतीयांश माणसं तेव्हा एकेका खोलीत राहत होती.

हा ८२८ चा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. त्याचं कारण माझ्याच घरात आहे. माझी आजी लालबागच्या चाळीत राहायची. पण तिची सगळी बाळंतपणं कोकणात, गावी झाली. सातव्या महिन्यात ती बोटीनं गावाला जायची आणि मूल तीन-चार महिन्यांचं झालं की परत यायची. मुलाच्या जन्माची नोंद गावच्या पाटलाकडे. पण ते मूल मुंबईत आजारी पडून गेलं, तर मृत्यूची नोंद मुंबईत. आजीची दोन मुलं अशी गेली. मुंबईच्या दप्तरात ती न जन्मताच मेली! गिरणगावातल्या हजारो बायकांचं असंच होतं. त्यामुळे एकखोली घरांतले जन्म कमी नोंदले गेले आणि मृत्युदर फुगला. जाणकारांनी हे त्या काळीही दाखवून दिलं होतं. तरी चारापासून एका खोलीपर्यंत आकडा पायरीपायरीनं चढतो, ती चढण काही नुसत्या नोंदीची चूक नव्हे. आणि आजी गावी का जायची? माहेरची रीत होतीच. पण दहा माणसांच्या खोलीत बाळंतपण करायचं कुठं, आणि आंघोळीचं पाणी भरायचं कोणी, हाही प्रश्न होता. आकडा फुगला त्याच्या कारणांतही घराची अडचण होतीच.

याच सुमारास सरकारनं पुन्हा एकदा मोठी उडी घेतली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ काढलं. कर्ज उभारलं आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला. कापसातून शहर श्रीमंत झालं, तर कापसानंच कामगारांच्या घराला हातभार लावावा, हा विचार रास्त होता. पन्नास हजार खोल्या बांधायच्या ठरल्या. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथं मिळून २०७ इमारती झाल्या, सोळा हजारांच्या आसपास खोल्या. ह्याच आपल्या बीडीडी चाळी. गंमत म्हणजे शहरात घरांचा एवढा तुटवडा असताना सुरुवातीला त्यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या. भाडं परवडत नव्हतं, बाजार लांब होता, खोल्या कोंदट होत्या. भिंतींसाठी पैसा होता. माणसाला तिथं राहता यावं म्हणून लागणाऱ्या रोजच्या सोयींचा विचार मागं पडला होता. पुढं कामगारांनी त्या चाळी आपल्याशा केल्या, तिथं नाटकं, व्यायामशाळा, चळवळी उभ्या केल्या, तो इतिहास वेगळा आणि अभिमानाचा आहे.

मग फरक पडायला कधी लागला? माझ्या मते दोन गोष्टी बरोबरीनं चालत आल्या. एक म्हणजे मताचा अधिकार. १९२२ मध्ये भाडेकऱ्यांपैकी काहींना मत मिळालं आणि १९४८ मध्ये पालिकेची निवडणूक प्रथमच प्रौढ मताधिकारानं झाली. दुसरी म्हणजे पालिकेनं दवाखान्यांचा कायमचा खर्च अंगावर घेतला. १९२६ मध्ये परळला, गिरण्यांच्या ऐन मध्यात, केईएम रुग्णालय सुरू झालं. सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या देणगीला जोडून आलेली अट अशी होती की, तिथं हिंदी डॉक्टरच नेमावेत. राष्ट्रीय चळवळीतून निघालेलं नायर रुग्णालय १९४६ मध्ये पालिकेकडे आलं. १९४७ मध्ये शीवला पन्नास खाटांचं रुग्णालय सुरू झालं, तेच आजचं लोकमान्य टिळक रुग्णालय. प्रसूतिगृहं वाढली, लसीकरण वाढलं, पाणी शुद्ध होऊ लागलं. यातलं काहीच एका वर्षात झालं नाही. परिचारिकेचा पगार, क्लोरीनचा खर्च, गटार साफ करणाऱ्याची मजुरी या ओळी अंदाजपत्रकात दरवर्षी येत राहिल्या. बालमृत्यू कमी होत गेले ते या ओळींमुळे. इमारत देणगीतून उभी राहते. ती चालते ती करातून. आजीच्या धाकट्या सुनेचं, म्हणजे माझ्या काकूचं बाळंतपण पालिकेच्या प्रसूतिगृहात झालं. आमच्या घराण्यात मुंबईच्या दप्तरात जन्मलेलं ते पहिलं मूल.

हा इतिहास मी आज का उगाळतो आहे? कारण १९२१ चा तो तक्ता पुरता मिटलेला नाही. जुलै २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणीची पाहणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेल्याचं दिसलं; त्याच प्रभागांतल्या इमारतींमध्ये १६ टक्के. एका संडासावर शेकडो माणसं आणि एका खोलीत सातआठ जण असताना दोन हातांचं अंतर ठेवायचं कसं? तेव्हाही साथीचा पैसा सुटला. काही आठवड्यांत प्रचंड तात्पुरती रुग्णालयं उभी राहिली. त्यांनी जीव वाचवले, यात शंका नाही. धारावीत घरोघर जाऊन तपासणी झाली, तिचं जगभर कौतुक झालं. साथ ओसरली आणि ते तंबू उठले. एका खोलीतली सातआठ माणसं तिथंच आहेत.

पाण्याचंही तेच. झोपडपट्टीसाठी माणशी रोज ४५ लिटर आणि पक्क्या इमारतींसाठी त्याच्या तिप्पट किंवा जास्त, असं माप पालिकेत वर्षानुवर्षं चालत आलं. ठरावीक तारखेनंतरच्या झोपडीला तर अधिकृत नळच नाही, असा नियम होता. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की, घर बेकायदा असलं तरी त्यात राहणाऱ्याचा पाण्याचा हक्क नाकारता येत नाही. २०२२ मध्ये पालिकेनं सर्वांना पाणी देण्याचं धोरण जाहीर केलं. विहारचं पाणी आल्याला तेव्हा १६२ वर्षं झाली होती.

पैसा नाही, असं मुंबईला कधीच म्हणता येणार नाही. २०२५-२६ सालचं पालिकेचं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचं होतं, त्यातला सुमारे दहावा हिस्सा आरोग्यासाठी. पण एक गोष्ट मला बोचते. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि वेळेवर निवडणूक झाली नाही. २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ ही तिन्ही अंदाजपत्रकं प्रशासनानंच मांडली आणि प्रशासकानंच मंजूर केली. स्थायी समितीच नव्हती. त्या तीन वर्षांत एखाद्या वस्तीत साथ फुटली असती, तर तिथला व्हिएगस उभा राहून कोणापुढं बोलला असता?

दरवर्षी फेब्रुवारीच्या आसपास अंदाजपत्रकाची बातमी येते. आपण वरचा मोठा आकडा वाचतो, नवा पूल, नवा रस्ता वाचतो आणि पान उलटतो. माझी विनंती एवढीच आहे की, आपापल्या गावात, शहरात, आतली पानंही बघावीत. आपल्या प्रभागात दवाखाना कितीचा आहे, तिथं डॉक्टरची जागा भरली आहे का, गेल्या वर्षी पाणी आणि मलनिःसारणासाठी ठेवलेल्या पैशांतले किती खरोखर खर्च झाले, हे नगरसेवकाला विचारावं. आपल्या सोसायटीबरोबरच मागच्या वस्तीसाठीही विचारावं. माझ्या आजीला हे विचारायचा अधिकार नव्हता. तुम्हाआम्हाला तो आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)